सुगरणीच्या खोप्यापाशी

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे. पावसाळा लागला की तिच्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबू लागतात. पण ते विणतो कोण, नर की मादी, हे आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही. नावच सुगरण, तेव्हा विणणारी बाईच असणार! बहिणाबाईंनीही कवितेत खोप्याचे श्रेय तिलाच दिले आहे. डॉ. सलीम अलींचे चरित्र वाचले आणि माझा हा समज खोटा ठरला.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. दहा भावंडांतले हे शेंडेफळ. आईवडील लवकरच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीत त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. ती लांबवीत नाही.

मला जवळचे वाटते ते १९३० साल. विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नव्हती. मुंबईच्या म्युझियममध्ये गाइडची नोकरी होती. पण बर्लिनला स्ट्रेसमान यांच्यापाशी शिकून ते परतले, तोवर पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. संसारी माणूस, वय तेहेतीस, आणि हाताला काम नाही. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला, समुद्रकाठच्या घरी राहायला गेले.

तिथे सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाने तिच्यापाशी तासन्‌तास बसावे, याला आमच्या गावात काय म्हणतील ते सांगायला नको! पण त्या बसण्यातून नवीच गोष्ट उजेडात आली. गवताच्या चिरफळ्या आणून खोपा विणतो तो नर. तो अर्धाच विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीला पसंत पडला तरच तो पुरा होतो. नापसंत खोपा तसाच लोंबत राहतो. मादी अंडी उबवायला बसली की हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! पिलांचा भार मुख्यतः आईवरच. हे निरीक्षण १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

पुढे संस्थानांची पक्षी-सर्वेक्षणे झाली. १९३९ मध्ये तेहमिना वारल्या. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आपल्या निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला त्यांनी महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि पुढे राज्यातले पहिले रामसर स्थळ. २० जून १९८७ रोजी सलीम अली निवर्तले.

घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पदवीनंतर नोकरी लागेल ना, असे वडील विचारतात, तेव्हा हे चरित्र त्यांना कसे सांगावे ते कळत नाही. आजीला मात्र सांगितले. विणणारा नर असतो हे तिला पटेना. यंदा श्रावणात ती काठी टेकीत विहिरीपर्यंत आली आणि दुपारभर बाभळीकडे बघत बसली.