श्री संत तुकाराम महाराज : बुडविलेले रोखे व उभे राहिलेले देऊळ

देहू गावच्या मोरे घराण्यात इ. स. १६०८ च्या सुमारास तुकाराम महाराजांचा जन्म झाला. वडील बोल्होबा, मातोश्री कनकाई. घरी शेती, वाणसवदा, बाजाराची महाजनकी व सावकारी होती. तसेच पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेली विठ्ठलाची पूजाही होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून लहान वयातच कारभार तुकोबांच्या हाती आला व तो त्यांनी चोख चालविला.

पुढे मातापित्यांचे छत्र हरपले. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खन व गुजरात प्रांतांत घोर दुष्काळ पडला. गुरे मेली, गावे ओस पडली. महाजनाच्या घरची लक्ष्मी, प्रथम पत्नी रखमाबाई, अन्न अन्न करीत गेली. पुत्र संतूही गेला. व्यापाराचे दिवाळे वाजले. कर्जरोखे मात्र घरात तसेच होते. परंतु रोखा म्हणजे दुसऱ्याच्या कणगीतले दाणे. त्या कणगीतच दाणा नसेल तर रोखा हा नुसता कागद! त्याने ना भूक भागली, ना मरण टळले.

तुकोबा भामनाथाच्या डोंगरी एकांतात बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधून घेऊन आले. परंपरा सांगते की, तुकोबांनी रोख्यांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांना दिला व आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडविले. कित्येक गोरगरीब ऋणमुक्त झाले.

त्यानंतर त्यांनी पहिले काम हाती घेतले ते पूर्वजांच्या मोडकळीस आलेल्या विठ्ठल मंदिराच्या जीर्णोद्धाराचे. गाठीला द्रव्य नव्हते. म्हणून स्वतः दगड-माती वाहून देऊळ उभे केले. फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ (इ. स. १६५०) रोजी महाराज वैकुंठास गेले, असे वारकरी संप्रदाय मानतो.

त्या काळी आपली वसई पोर्तुगीजांच्या अमलाखाली, वैभवाच्या शिखरावर होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. आज तेथील धनिकांच्या वाड्यांना छप्पर उरलेले नाही. निर्धन तुकोबांचे नाव मात्र घरोघर आहे.

प्रस्तुत जीर्णोद्धारास कोणी देणगी दिली, कोणी डोक्यावर वाळूची पाटी वाहिली. तुकोबांच्या हिशेबी दोहोंचे मोल एकच. तिजोरीतले येथेच राहते. हातून घडलेली सेवा तेवढी आपली.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥