ढगांचे बारसे करणारे ल्यूक हॉवर्ड

आपल्या माळव्यात वेधशाळा थंडीच्या लाटेचा इशारा देते तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. ढग आले की रात्रीचा गारठा कमी होतो, कारण जमिनीची उष्णता ते सहज निसटू देत नाहीत. या ढगांना शास्त्रात जी नावे आहेत, ती एका औषधे बनवणाऱ्या गृहस्थाने दिली.

ल्यूक हॉवर्ड यांचा जन्म १७७२ साली लंडनमध्ये झाला. हवामान हा त्यांचा केवळ छंद. शाळेत लॅटिन भरपूर घोटून घेतले होते, ते असे कामी आले! डिसेंबर १८०२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी एका अभ्यासमंडळात ढगांवर निबंध वाचला. केसांच्या बटेसारखा तो सिरस, कापसाच्या ढिगासारखा क्युम्युलस, थरासारखा पसरलेला स्ट्रेटस आणि पावसाचा तो निंबस. ढग रूप बदलतात, म्हणून त्यांनी जोडनावेही सुचवली.

त्याच वर्षी फ्रान्सच्या लामार्क यांनीही ढगांची वर्गवारी केली होती, पण फ्रेंच नावांनी. ती मागे पडली. लॅटिन मात्र कोणा एका देशाची भाषा नव्हती, म्हणून सर्वांना चालली. जर्मन महाकवी गटे तर इतके खूश झाले की त्यांनी हॉवर्ड यांच्यावर कविता केल्या.

हॉवर्ड वर्षानुवर्षे तापमान नोंदवत राहिले. लंडन शहरातील रात्री भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असतात, हे त्यांनी या नोंदींवरून दाखवले. १८६४ साली ते वारले. टोटनहॅम येथील त्यांच्या घरावरील फलकात त्यांची ओळख ढगांना नावे देणारे अशीच आहे. औषधांचा उल्लेख नाही.