जुन्या बाजारात नावाला भाव असतो, पुण्याच्या चष्मेवाल्याने मात्र बिननावाच्या वस्तू जमवल्या

शिकारीची जुनी बंदूक विकायला निघाली, की घेणारा आधी नळीवर कुणाचं नाव कोरलंय ते बघतो. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडचं असेल तर भाव चढलाच. कारण नंबर सांगितला की बंदूक कधी, कशी बनली याची नोंद कंपनीच्या वह्यांत मिळू शकते. तितक्याच निगुतीने बनवलेली, पण अनोळखी कारागिराची बंदूक बरीच स्वस्तात जाते. व्हायोलिन घ्या, घड्याळ घ्या, हिशोब तोच.

या हिशोबाच्या अगदी उलट टोकाला उभा राहिलेला माणूस म्हणजे दिनकर गंगाधर केळकर.

जन्म १८९६ चा, मावळातल्या करंजगावचा. पुण्यात चष्म्यांचा धंदा आणि डोक्यात कविता. त्या ते ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि त्या वस्तू घडवणारेही बहुतेक अज्ञातच!

वाड्यांच्या माळ्यांवर समया, अडकित्ते, कुलपं, दौती, वज्र्या पडून असायच्या. घडवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, मग मोडीत काढताना किंमत पितळेच्या वजनाएवढी. नक्षीचे पैसे कोण देणार? केळकर ते द्यायचे. गावोगाव हिंडून ते समया आणायचे, तलवारी आणि कट्यारीही आणायचे. विंचवाच्या आकाराचं कुलूपही त्यांनी सोडलं नाही. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून त्यांनी तो पुन्हा उभा केला.

आता वस्तू स्वस्त म्हणून छंद स्वस्त, असं काही नव्हतं. चष्म्यांच्या कमाईत भागेना, तेव्हा पत्नी कमलाबाईंचे दागिने विकले गेले. कमलाबाई या कामात बरोबरीने होत्या, हे फारसं सांगितलं जात नाही.

त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ तो. अनेकांना ती केळकरांची पदवी वाटते, तसं नाही.

वस्तू वीस हजारांच्या वर गेल्या. मोडीच्या भावात निघालेल्या या मालाची किंमत तोवर जाणकारांना कळू लागली होती. पण केळकरांनी तो विकायला काढलाच नाही. १९७५ मध्ये सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. पद्मश्रीही मिळाली, १९९० मध्ये ते गेले.

संग्रहालय बाजीराव रोडजवळ आहे. गेलात तर अडकित्ते सावकाश बघा.