धाम नदीचा पूल

आपला नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यातले, आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेशातले. त्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी कैदी मंडळींना गीतेचा एकेक अध्याय सांगत आणि साने गुरुजी तो उतरून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ असा आपल्या खानदेशात जन्मला. हे पुष्कळांस ठाऊक आहे. पुढे सहा वर्षांनी जे झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

विनोबांचा जन्म १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा. धरले काम की शेंडी तुटो की पारंबी, असा स्वभाव. वर्ध्याजवळ नालवाडीस सुताच्या मजुरीवर पोट भरून पाहायचे म्हणून आठ-आठ तास कातणे, वर शिकविणे, वर चिंतन. देह तो किती सोसणार? १९३८ साली वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी बोलावून विसाव्याला जा म्हणून सांगितले. विनोबा थंड हवेच्या ठिकाणी गेले नाहीत. जवळच पवनारला जमनालाल बजाजांचा बंगला होता, तिथे गेले.

आता पाहा हं. वाटेत धाम नदीचा पूल लागतो. त्या पुलावर त्यांनी तीनदा संकल्प केला की आश्रमाचा, कामाचा, साऱ्या विचारांचा भार मी टाकला. लोक संसाराचा संन्यास घेतात, यांनी चिंतनाचाच घेतला! पवनारला शेतात थोडे खणीत. पहिल्या दिवशी काही मिनिटेच, मग रोज जराजरा वाढवून. बाकी मन मोकळे. दहाएक महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले.

आमचा पखवाजी कीर्तन झाले की डाव्या बाजूची कणीक खरवडून काढतो. राहिली तर वाळते, आणि पुढच्या वेळी नाद बसत नाही. मी मात्र सप्ताहात बिछान्यावर पडूनही उद्याचे निरूपण घोळवीत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी नेमका दृष्टांतच विसरतो! साठी उलटली तरी ही खोड गेली नाही.

आणखी एक. धुळ्यास बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी राम आणि भरत यांच्या भेटीचे चित्र डोळ्यांपुढे उभे केले होते. पवनारच्या मातीत खणताना तीच भेट कोरलेली जुनी मूर्ती निघाली. ती तिथेच स्थापन झाली.

पुढे १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह, १९५१ पासून भूदानाची तेरा वर्षांची पायपीट. शेवटी पुन्हा पवनारच. १९८२ साली देह ठेवला तो त्याच धामेच्या काठी, जिथे ते थोडे दिवस विसाव्याला म्हणून आले होते.