श्रीविवेकानंदांचे व्यायामव्रत

इ. स. १८७७ मध्ये कलकत्त्याचे नामांकित वकील विश्वनाथ दत्त हे कामानिमित्त मध्यप्रांतातील रायपूर येथे येऊन राहिले होते. मुक्काम लांबणार असे दिसताच त्यांनी आपल्या कुटुंबासही तेथेच बोलावून घेतले. त्या काळी रायपूरपर्यंत लोहमार्ग आला नव्हता. प्रवासाचा मोठा भाग बैलगाडीने, घनदाट अरण्यांतून व डोंगरवाटांनी करावा लागला, आणि त्यास पंधरवड्याहून अधिक काळ लागला. त्या गाडीत मातोश्री भुवनेश्वरीदेवींबरोबर त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र होता. चरित्रकार सांगतात की, पोटाच्या विकाराने त्या दिवसांत त्याच्या देहावर अस्थी आणि चर्म एवढेच शिल्लक राहिले होते.

हाच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला. रुंद छाती, भरदार खांदे आणि तेजःपुंज मुद्रा असलेले त्यांचे चित्र घरोघरी लावलेले असते. ते पाहून, असा देह जन्मतःच लाभावा लागतो, आपल्यासारख्या प्रापंचिकास तो कोठून मिळणार, असे म्हणत पुष्कळ सद्गृहस्थ व्यायामाचा विचारच सोडून देतात. त्यांनी एकवार त्या बैलगाडीतील मुलाकडे पाहावे.

नरेंद्र व्यायामास अपरिचित होता असे मात्र नव्हे. कलकत्त्यास असताना त्याने प्रथम घरातील पूजेच्या दालनात मित्रांची एक नाटकमंडळी काढली होती. चुलते संतापले व त्यांनी रंगमंच मोडून टाकला. तेव्हा नरेंद्राने वाड्याच्या अंगणात व्यायामशाळा सुरू केली. ती काही दिवस उत्तम चालली. पण एका चुलतभावाचा हात मोडला आणि चुलत्यांनी ती साधनेही नाहीशी केली. दोन वेळा मोड झाल्यावर बहुतेक मुले रुसून बसली असती. नरेंद्र मित्रांना घेऊन शेजारच्या व्यायामशाळेत दाखल झाला. हिंदू मेळ्याचे प्रवर्तक नवगोपाल मित्र ह्यांची ती व्यायामशाळा. बंगाली मनुष्य दुबळा, असे इंग्रज उघडपणे म्हणत असत. तो कलंक धुऊन काढावा ह्या हेतूने नवगोपालबाबू तरुणांना तालमीकडे ओढीत होते. तेथे लाठी, पट्टा, कुस्ती, नौका वल्हविणे इत्यादी विद्या नरेंद्राने शिकून घेतल्या, आणि एकदा मुष्टियुद्धात पहिले बक्षीसही मिळविले. पुढे स्वामी ब्रह्मानंद म्हणून प्रसिद्धीस आलेला राखाल हाही त्याच्याबरोबर व्यायामास येत असे. ही गोष्ट लहान दिसते, पण ती महत्त्वाची आहे. ज्याची वाट पाहणारा सोबती तालमीत उभा असतो, त्याला पहाटे अंथरुणावर पडून मनाशी वाद घालीत बसण्यास सवड मिळत नाही.

ह्या व्यायामशाळेतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एके दिवशी मुले झोक्याचा जड लाकडी सांगाडा उभा करीत होती. तो काही केल्या उभा राहीना. पाहणाऱ्यांच्या गर्दीत एक धिप्पाड इंग्रज खलाशी होता. नरेंद्राने त्याला मदतीस बोलाविले. दोर ओढता ओढता सांगाडा कोसळला, खलाशाच्या कपाळास जबर मार लागला आणि तो बेशुद्ध पडला. गोरा मनुष्य मेला असे समजून सर्वांनी पळ काढला. नरेंद्र व त्याचे एकदोन मित्र तेवढे जागचे हलले नाहीत. त्याने आपले नेसूचे वस्त्र फाडून जखम बांधली, तोंडावर पाणी शिंपडले, शुद्धीवर आल्यावर त्यास जवळच्या शाळेत नेऊन निजविले आणि आठवडाभर त्याची शुश्रूषा केली. तो बरा होताच मित्रांकडून वर्गणी गोळा करून त्याच्या हाती दिली व मगच त्याला निरोप दिला. दंडातील बळ कशासाठी कमवावयाचे, हे त्या वयातही त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

असा हा मुलगा आजाराने खंगून रायपूरला आला. रायपूर तेव्हा लहानसे गाव होते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल संपून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. गावात नरेंद्राच्या इयत्तेस योग्य अशी शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी स्वतःच त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. विश्वनाथबाबूंची रीत निराळी होती. ते मुलाला वादास प्रवृत्त करीत, त्याचे मत त्याला मांडू देत आणि चुकला तरच सावरीत. त्यांच्याकडे येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत नरेंद्र बसत असे. बुद्धिबळाच्या डावात मुरलेल्या खेळाडूंनाही तो हार देऊ लागला. वडिलांना पाककलेचा नाद होता. तोही त्याने उचलला व तो जन्मभर टिकला. शरीर सुधारू लागले ते अशा रीतीने: मोकळी हवा, वेळेवर अन्न, भरपूर झोप, आणि ज्यात मन रमेल असा दिवसभराचा उद्योग. गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात भगवंतांनी आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही सर्व प्रमाणात असावीत असे जे सांगितले आहे, तेच रायपूरच्या त्या घरात घडले. खंगलेल्या देहाने पहिल्याच दिवशी शंभर जोर काढू नयेत. ते सहा दिवसांत सुटतात आणि मागे केवळ खजिलपणा उरतो.

एकदा नरेंद्राने वडिलांना विचारले की, आपण माझ्यासाठी काय ठेविले आहे? विश्वनाथबाबूंनी त्याला आरशात पाहण्यास सांगितले. मुलगा समजला. देह, बुद्धी आणि निर्भय वृत्ती हीच त्याच्या वाट्यास आलेली वडिलार्जित इस्टेट होती. वडिलार्जित शेत पडीक ठेवणाऱ्यास गाव नावे ठेवते; देह पडीक ठेवणाऱ्यास मात्र कोणी काही म्हणत नाही.

रायपूरकरांनी त्या वास्तव्याची आठवण जपली आहे. बुढापारा भागातील त्यांच्या निवासाची जागा दाखविली जाते, बुढातलावास विवेकानंद सरोवर असे नाव मिळाले आहे, आणि २०१२ पासून तेथील विमानतळही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१८७९ साली नरेंद्र कलकत्त्यास परतला तेव्हा तो प्रकृतीने व मनाने निराळाच झाला होता. शाळेतील मागे पडलेला अभ्यास त्याने एका वर्षात भरून काढला आणि प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. महाविद्यालयीन काळातही त्याने तालमीचा सराव चालू ठेविला. अंबू गुहा ह्यांच्या प्रसिद्ध आखाड्यातील मातीत तो कुस्ती खेळला. व्यायाम व अभ्यास ह्यांपैकी एकच साधते, अशी तक्रार त्याच्या बाबतीत तरी कोणास करता आली नाही.

पुढे दिवस पालटले. १८८४ मध्ये वडील अकस्मात वारले, घरात अन्नाची भ्रांत पडली. १८८६ मध्ये श्रीरामकृष्ण परमहंसांनी देह ठेविला. वराहनगरच्या पडक्या घरात तरुण संन्यासी भिक्षेवर राहू लागले. आखाडा सुटला. नंतर परिव्राजक होऊन त्यांनी भारतभर जे भ्रमण केले, त्यातील बराच भाग पायीच झाला. कधी उपवास, कधी ताप, कधी उघड्यावर झोप. मातीत घडविलेला देह तेथे उपयोगी पडला.

ह्याच भ्रमणात १८९२ साली ते पुण्यास लोकमान्य टिळकांच्या घरी काही दिवस राहिले होते. गीता संन्यास घ्या असे सांगत नाही, फलाची आसक्ती सोडून कर्म करा असे सांगते, ह्याविषयी दोघांचे एकमत झाले. पण त्या दोघांत आणखी एक साम्य होते, ते फारसे सांगितले जात नाही. टिळकही प्रकृतीने किरकोळ होते. महाविद्यालयातील पहिले वर्ष त्यांनी जाणूनबुजून शरीर कमावण्यास दिले. कुस्ती, पोहणे व नाव वल्हविणे ह्यांत ते वर्ष घालविले आणि अभ्यास मागे पडला तरी चालेल असे ठरविले. त्या एका वर्षाच्या भांडवलावर पुढे मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षे निभावली व तेथेच ‘गीतारहस्य’ लिहून झाले. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे रायपूरचेच. समर्थांचा ‘दासबोध’ही त्यांनीच हिंदीत नेला.

पुण्याहून कोल्हापूरमार्गे स्वामीजी बेळगावला गेले. तेथे प्रथम भाटे ह्या महाराष्ट्रीय वकिलांकडे व नंतर वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र ह्यांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला. हरिपदबाबू म्हणजे सुखवस्तू गृहस्थाचा नमुनाच. प्रकृतीच्या नाना तक्रारी, त्यांवर नाना औषधे, आणि गीता हाती घेऊन अर्ध्यावर ठेवून देण्याची सवय. त्या ग्रंथात आपल्या कामाचे काही नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते. अंथरुण धरावे लागेल असा आजार असेल तेव्हाच औषध घ्यावे, अशक्तपणाच्या पुष्कळशा तक्रारी मनातून उठलेल्या असतात, रोगाचेच चिंतन करीत बसू नये, असे स्वामीजींनी त्यांस सांगितले. (ह्यावरून मधुमेह अथवा रक्तदाब असणाऱ्याने वैद्याची औषधे टाकून द्यावीत, असा अर्थ कोणी काढू नये.) मग त्यांनी गीतेतील काही भाग उलगडून दाखविला, तेव्हा रोजच्या व्यवहारात तो ग्रंथ कसा उतरतो, हे हरिपदबाबूंच्या प्रथमच ध्यानी आले.

अमेरिकेहून परतल्यावर १८९७ च्या फेब्रुवारीत मद्रासच्या व्याख्यानात स्वामीजींनी तरुणांना सांगितले की, गीतेच्या अध्ययनापेक्षा फुटबॉल खेळून ते स्वर्गाच्या अधिक जवळ जातील. ह्या उद्गारावर तेव्हापासून भाविकांची नाराजी आणि नास्तिकांची टाळी, दोन्ही चालू आहेत. दोघेही पुढचे वाक्य विसरतात. दंडात थोडे अधिक बळ आले म्हणजे गीता अधिक चांगली समजेल, असे ते म्हणाले होते. गीता ज्याला सांगितली तो रणांगणावरचा धनुर्धर होता. गात्रे गळालेल्या त्या वीराला भगवंतांचा खडसावणीचा शब्द दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात येतो, आणि त्याच वर्षी आलमबाजार मठात गीतेवर बोलताना स्वामीजींनी सर्व गीतेचे सार त्या एका श्लोकात पाहिले.

त्याच मठात त्यांनी तरुण संन्याशांसाठी नियम सांगितले व शुद्धानंदांनी ते लिहून घेतले. सुरुवातीसच स्वामीजींनी स्पष्ट केले की, नियम करावयाचे ते शेवटी नियमांच्या पलीकडे जाण्यासाठी. वाईट सवयींचा काटा चांगल्या सवयीच्या काट्याने काढावयाचा आणि मग दोन्ही टाकून द्यावयाचे. नियम निषेधाच्या भाषेत नसावेत, काय करावे तेच त्यांत सांगावे, अशीही त्यांची सूचना होती. त्या नियमांत ध्यान, अध्ययन व ग्रंथवाचन ह्यांच्याबरोबर डेल्सार्ट नावाच्या पाश्चात्त्य पद्धतीचा अंगव्यायामही घातला होता. व्यायामास इच्छा व्हावी लागते, असे त्या कागदावर कोठेही नव्हते. ध्यानाला जसे ठरल्या वेळी बसावयाचे, तसेच अंग हलवावयासही ठरल्या वेळी उभे राहावयाचे.

येथेच गृहस्थाची अडचण असते. तो उत्साहाची वाट पाहतो. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुखाचे लक्षण सांगताना भगवंतांनी ते आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे असते असे सांगितले आहे. त्याच्या थोडे आधी, झोप सोडवत नाही अशा धृतीला तामसी म्हटले आहे. पहाटेचा व्यायाम पहिला महिनाभर विषासारखाच लागतो. तो गोड लागेपर्यंत थांबणाऱ्याचा आरंभच होत नाही. कडू असतानाच जो घेतो, त्याला पुढे गोडी कळते. अभ्यासाने मनही वश होते असे सहाव्या अध्यायात अर्जुनास आश्वासन आहे, मग गुडघे व खांदे का होणार नाहीत?

तथापि व्यायाम केला म्हणजे दीर्घायुष्य ठरलेलेच, असे स्वामीजींच्या चरित्रावरून म्हणता येत नाही. मधुमेह व दमा ह्यांनी त्यांस चाळिशीच्या आधीच गाठले. अविश्रांत प्रवास, व्याख्याने, अपुरी झोप ह्यांनी देहाचे भांडवल झपाट्याने संपविले. ते त्यांनी जाणूनच खर्च केले. शेवटच्या वर्षांत बेलूर मठात कविराजांचे औषध सुरू झाले, तेव्हा पाणी व मीठ वर्ज्य होते. उन्हाळ्याचे दिवस, आणि स्वामीजींना वारंवार पाणी पिण्याची सवय. पण एकदा निश्चय केल्यावर पाणी घशाखाली उतरेनासे झाले. त्यांच्या शिष्यांना ह्याचे आश्चर्य वाटले. बालपणापासून ज्याने शरीराला रोज ठरल्या वेळी कामास लाविले होते, त्याच्या शरीराने अखेरच्या आजारातही आज्ञा मोडली नाही.

४ जुलै १९०२ रोजी सकाळी त्यांनी दीर्घकाळ ध्यान केले. दुपारी ब्रह्मचाऱ्यांना सुमारे तीन तास संस्कृत व्याकरण शिकविले. नंतर स्वामी प्रेमानंदांना बरोबर घेऊन ते बेलूरच्या बाजारापर्यंत पायी फिरून आले. जाऊन येऊन दोन मैलांची चाल झाली. संध्याकाळी ते आपल्या खोलीत जपास बसले, आणि रात्री नऊच्या सुमारास त्यांनी देह ठेविला. वय एकोणचाळीस वर्षे व पाच महिने.