बायरनचा उजवा पाय

गेल्या वर्षी सरांनी इंग्रजीच्या तासाला बायरन शिकवायला घेतला, तेव्हा फळ्यावर त्याच्या जन्म-मृत्यूचे सन लिहिले : १७८८ ते १८२४. मग जाता जाता एवढेच सांगितले की, हा कवी दिसायला देखणा होता, पण पायाने अधू होता. वर्गात कोणाचे लक्षही गेले नाही. माझे पेन मात्र तिथेच थांबले. त्याच आठवड्यात ताईच्या दोन महिन्यांच्या मुलाच्या पायाला तिसरे प्लॅस्टर घातले होते. त्याचाही पाय उजवाच.

पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे बघणारा. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. आमच्या आजीने त्यांच्या आधीच निदान करून टाकले होते. पोटुशी असताना ताई ग्रहणात विळीवर बसली असणार! ताई चार दिवस रडत होती. मी वाचनालयातून बायरनचे चरित्र आणले, तर तिथेही तेच. बाळंतपणाच्या वेळी आईने भलताच संकोच धरला म्हणून आपला पाय असा झाला, अशी या थोर कवीची समजूत होती. लंडनच्या उमराव घराण्यात काय किंवा मालवणात दांडीवर काय, पाय पोराचा वाकडा आणि बोट आईकडे.

ही आई म्हणजे कॅथरीन गॉर्डन, स्कॉटलंडच्या जमीनदाराची मुलगी. नवरा कॅप्टन जॉन बायरन याने तिची सारी इस्टेट उधळली, कर्जदारांना चुकवीत फ्रान्सला गेला आणि १७९१ साली तिथेच वारला. ती ॲबर्डीनमध्ये तुटपुंज्या उत्पन्नावर मुलाला वाढवीत राहिली. तापट होती, रागाच्या भरात पायावरून मुलाला टोचून बोले, म्हणून चरित्रकार तिला झोडपतात. पण जन्मानंतर जॉन हंटरसारख्या नामांकित शस्त्रवैद्याला पाय दाखवला गेला होता, आणि पुढे मुलासाठी खास बूट मिळावा म्हणून हीच बाई पत्रे लिहीत होती. मला तरी ती बिचारी वाटते.

१७९८ साली चुलत आजोबा वारले आणि दहा वर्षांचा हा मुलगा लॉर्ड बायरन झाला, न्यूस्टेडच्या पडक्या मठाचा धनी. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅममध्ये लॅव्हेंडर नावाच्या इसमाच्या हाती त्याचा पाय गेला. हा पट्टे बनवणारा कारागीर पायाला तेल चोळी, जोर लावून तो पिळी आणि लाकडी साच्यात स्क्रूने आवळून ठेवी. मुलगा तशा अवस्थेत शिक्षकांजवळ लॅटिन वाचत बसे. मग लंडनचे डॉक्टर बेली आले, शेल्ड्रेकने बनवलेला पट्ट्यांचा बूट आला. पण तो नेमाने पायात राहिलाच नाही. आई मुलाला शाळेतून वारंवार घरी नेई आणि उपचार खंडित होई.

हा भाग मी दोनदा वाचला, कारण भाच्याचे उपचार डोळ्यांसमोर होते. इथे जोर मुळीच नव्हता. डॉक्टर बोटांच्या हलक्या दाबाने पाऊल जरासे बाहेर वळवीत आणि तेवढ्यावर प्लॅस्टर घालीत. आठवड्याने ते काढून आणखी थोडे. ताई दर मंगळवारी एस.टी.ने पोराला घेऊन जाई. पाच-सहा प्लॅस्टरांनंतर टाचेमागची आखडलेली कंडरा बारीकशा छेदाने मोकळी केली. स्पेनमधून अमेरिकेत गेलेल्या डॉ. पोन्सेटींनी विसाव्या शतकाच्या मध्यास ही पद्धत बसवली. कातडीखालून कंडरा कापण्याची युक्ती मात्र जुनी. हॅनोव्हरच्या स्ट्रोमायरने ती १८३१ साली केली, म्हणजे बायरन गेल्यावर अवघ्या सात वर्षांनी. (बायरनचा विकार नेमका हाच होता का, यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. त्यात मी पडत नाही.)

हॅरोच्या शाळेत तो हट्टाने खेळला. १८०५ साली लॉर्ड्सवर ईटनविरुद्धच्या सामन्यात तो फलंदाजीला उतरला. त्याच्यासाठी दुसरा मुलगा धावला. जमिनीवर ही अशी उसनवारी. घोड्यावर ती लागत नसे, आणि पाण्यात तर मुळीच नाही. ३ मे १८१० रोजी लेफ्टनंट एकेनहेडबरोबर त्याने हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली, एक तास दहा मिनिटांत. सरळ अंतर मैलभराचे, पण प्रवाहाने वाहवत नेल्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी अधिक. ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ने १८१२ साली त्याला रातोरात कीर्ती दिली, तरी या पोहण्याचाच अभिमान तो जन्मभर मिरवीत राहिला. आपल्याकडे समुद्राशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. पाण्यात कोण लंगडतो?

लग्न, पत्नीपासून विभक्त होणे, १८१६ मधले देशत्याग हे सर्व पाठ्यपुस्तकात आहेच. मी सांगतो ते त्याच्या एका अपुऱ्या नाटकाविषयी. १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या या नाटकाच्या आरंभीच आई आपल्या कुबड्या मुलाला हिडीसफिडीस करते. पुढे त्या मुलाला हवे ते रूप घेण्याची संधी मिळते आणि तो अकिलिसचे रूप मागतो. टाचेमागच्या त्या कंडरेलाही अकिलिसचेच नाव आहे, हे मला डॉक्टरांकडून कळले.

त्याच वर्षी ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी मिसोलोंगीला गेलेला बायरन तापाने आजारी पडला आणि १९ एप्रिलला, छत्तिसाव्या वर्षी वारला. त्याचा स्नेही ट्रेलॉनी याने प्रेतावरचे वस्त्र दूर करून पाय पाहिले आणि पुढे पुस्तकात त्याचे वर्णन छापले. तेही वीस वर्षांनी बदलून. जन्मभर रुंद विजारींखाली झाकलेली गोष्ट! मैत्रीचा हा प्रकार मला आवडला नाही.

भाचा चौदाव्या महिन्यात चालू लागला. डॉक्टरांनी मात्र दांडीला जोडलेले बूट चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री घालायला सांगितले आहेत, नाहीतर पाऊल पुन्हा वळते. पोर रडते, घरातल्यांची झोप मोडते. गणपतीत ताईच्या सासरी सर्वांचे ठरले की, मुलगा चालतो आहे, आता बूट पुरे. आठ रात्री बूट माळ्यावर होते. मी गेलो तेव्हा ताईला शेल्ड्रेकच्या बुटाची हकीकत सांगितली. ती ऐकून काहीच बोलली नाही. जेवणे आटोपल्यावर तिने शिडी लावली, बूट खाली काढले, फडक्याने पुसले आणि पोराला मांडीवर घेऊन आधी उजवा पट्टा आवळला.