ओउयांग श्यू

ओउयांग श्यू (इ.स. १००७ – इ.स. १०७२) हे चीनच्या उत्तर सोंग राजवटीतील राजकारणी, इतिहासकार, निबंधकार, कवी व पुराभिलेखांचे अभ्यासक होते. तांग व सोंग काळातील आठ श्रेष्ठ गद्यकारांमध्ये त्यांची गणना होते. राजधानी काईफंग येथे इ.स. १०५७ मध्ये झालेल्या राज्य सेवा परीक्षेचे ते मुख्य परीक्षक होते. या परीक्षेच्या निकालाने चिनी गद्यलेखनाची दिशा बदलली आणि पुढील अर्धशतक गाजवणारे अनेक विचारवंत व प्रशासक एकाच वर्षी शासकीय सेवेत आले. अधिकाऱ्यांची निवड कशी व्हावी, बढती कोणाला मिळावी आणि परीक्षेत प्रांतवार जागा राखाव्यात काय, या प्रश्नांवरील वादांत त्यांनी आयुष्यभर भाग घेतला.

बालपण

ओउयांग यांचे मूळ घराणे दक्षिणेकडील लूलिंग (सध्याच्या च्यांग्शी प्रांतात) येथील होते. त्यांचा जन्म मात्र वडील ओउयांग ग्वान हे जिथे नोकरीस होते, त्या म्यानचौ (सध्याच्या सिच्वान प्रांतात) येथे झाला. वडील स्वतः परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी झाले होते. ओउयांग अगदी लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि २९ वर्षांच्या विधवा आईने, चंग घराण्यातील या स्त्रीने, मुलाला वाढवले. मायलेक स्वेचौ (सध्याच्या हूपै प्रांतात) येथे चुलत्याच्या आश्रयास राहिले. कागद व शाई विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे आईने त्यांना जमिनीवर वेताच्या काडीने अक्षरे गिरवायला शिकवले, अशी प्रसिद्ध कथा आहे. देहदंडाच्या खटल्यांचे कागद वडील रात्री उशिरापर्यंत वाचत आणि आरोपीचा जीव वाचवण्यास काही आधार सापडतो का, हे शोधत असत, ही आठवण आईने त्यांना सांगितली होती. वृद्धापकाळी वडिलांच्या समाधीसाठी लिहिलेल्या लेखात ओउयांग यांनी ती नोंदवली आहे.

स्वेचौमधील ली नावाच्या एका सधन कुटुंबाच्या घरी त्यांना तांग काळातील लेखक हान यू यांच्या लेखनाची जीर्ण व अपुरी प्रत मिळाली. त्या काळी परीक्षार्थींमध्ये अलंकारिक, समतोल जोडवाक्यांची शैली रूढ होती. हान यू यांचे साधे व आशयप्रधान प्राचीन वळणाचे गद्य फारसे कोणी वाचत नसे. या प्रतीचा ओउयांग यांच्यावर कायमचा प्रभाव पडला.

सोंग काळातील निवडपद्धती

सोंग काळात अधिकारी होण्याचे प्रमुख मार्ग दोन होते. पहिला मार्ग परीक्षेचा. उमेदवार प्रथम आपल्या जिल्ह्याच्या परीक्षेत बसत असे. तेथून निवडलेले उमेदवार राजधानीतील विधी मंत्रालयाच्या परीक्षेस येत आणि त्यात यशस्वी झालेल्यांची अंतिम परीक्षा सम्राटाच्या नावाने राजवाड्यात होई. ही राजवाड्यातील परीक्षा इ.स. ९७३ पासून सुरू झाली. सर्वांत मानाची पदवी चिन्शी ही होती. दुसरा मार्ग वंशपरंपरेचा. उच्च अधिकाऱ्यांना आपल्या मुलांना व नातलगांना परीक्षेविना सेवेत घालण्याची सवलत होती. सेवेत शिरल्यानंतरची बढती कार्यकाळ, वरिष्ठांची शिफारस व कामाचे मूल्यमापन यांवर अवलंबून असे. शिफारस केलेल्या माणसाने गुन्हा केल्यास शिफारस करणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकत असे.

परीक्षेतील वशिलेबाजी रोखण्यासाठी सोंग सम्राटांनी तीन उपाय योजले होते. उत्तरपत्रिकेवरील नाव कागद चिकटवून झाकले जाई. हस्ताक्षर ओळखता येऊ नये म्हणून कारकून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करीत आणि परीक्षकाच्या हाती ती नक्कलच येई. नेमणूक होताच परीक्षकांना परीक्षागृहात कोंडून ठेवले जाई व निकाल लागेपर्यंत बाहेरच्या कोणाशीही संपर्क ठेवू दिला जात नसे.

परीक्षा व सुरुवातीची कारकीर्द

ओउयांग इ.स. १०२३ मध्ये स्वेचौच्या जिल्हा परीक्षेत आणि इ.स. १०२७ मध्ये राजधानीतील परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पहिल्या वेळी यमकाच्या नियमातील चूक नडली, असे सांगितले जाते. त्यानंतर श्यू यान या अधिकाऱ्याने त्यांचे लेखन पाहून त्यांना आश्रय दिला व पुढे आपली मुलगीही दिली. इ.स. १०२९ मध्ये राजधानीतील राजकीय विद्यालयाच्या परीक्षेत ओउयांग पहिले आले. इ.स. १०३० मध्ये मंत्रालयाच्या परीक्षेत त्यांना पहिला क्रमांक व राजवाड्यातील परीक्षेत चौदावा क्रमांक मिळाला.

त्यांची पहिली नेमणूक लुओयांग येथे झाली. तेथे कवी मेई याओचन व गद्यकार यिन चू यांच्याशी त्यांची मैत्री जडली. त्यानंतर राजधानीतील ग्रंथालयात ग्रंथतपासनीस म्हणून काम करताना शाही ग्रंथसंग्रहाच्या सूचीत त्यांनी भाग घेतला.

इ.स. १०३६ मध्ये फान चोंगयान या अधिकाऱ्याने सम्राट रेन्त्सोंग यांना नेमणुकांचा एक तक्ता सादर केला. कोणाला नियमानुसार बढती मिळाली आणि कोणाला मुख्य मंत्री ल्यू यिच्येन यांच्या मर्जीने, हे त्यात दाखवले होते. परिणामी फान यांनाच राजधानीबाहेर पाठवण्यात आले. या प्रसंगी सम्राटास सल्ला देण्याचे काम असलेल्या एका अधिकाऱ्याने फान यांची बाजू घेण्याऐवजी त्यांच्यावरच टीका केली. ओउयांग यांनी त्याला पत्र लिहून कडक शब्दांत सुनावले. त्या अधिकाऱ्याने ते पत्र दरबारात सादर केले आणि ओउयांग यांची यांगत्से नदीकाठच्या यीलिंग या दुर्गम तालुक्यात पदावनती झाली. इ.स. १०४० मध्ये ते राजधानीत परतले.

छिंगली सुधारणा

इ.स. १०४३ मध्ये ओउयांग यांची सम्राटास सल्ला देणारे अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी फान चोंगयान उपमुख्य मंत्री झाले व त्यांनी दहा कलमी सुधारणा मांडल्या. केवळ सेवाकाळ भरला म्हणून बढती देऊ नये, वंशपरंपरेची सवलत आवरावी, स्थानिक अधिकारी पारखून नेमावेत आणि परीक्षेत काव्यरचनेपेक्षा धोरणविषयक निबंधांना महत्त्व द्यावे, ही त्यांतील प्रमुख कलमे होती. प्रांतोप्रांती निरीक्षक पाठवून अकार्यक्षम अधिकाऱ्यांना दूर करावे, असा आग्रह ओउयांग यांनी धरला. परीक्षेबाबत त्यांची सूचना अशी होती की प्रथम धोरणविषयक उत्तरे तपासावीत, त्यात कच्चे ठरलेले वगळावेत आणि काव्याची परीक्षा शेवटी उरलेल्या थोड्यांचीच घ्यावी. हजारो उत्तरपत्रिका एकदम तपासताना परीक्षक थकतात व चांगला उमेदवार नजरेतून निसटतो, ही त्यामागची अडचण होती. इ.स. १०४४ च्या राजाज्ञेने जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा स्थापण्याचे आदेश दिले व परीक्षेस बसण्यापूर्वी ३०० दिवस शाळेत हजर राहण्याची अट घातली.

सुधारकांनी गट बांधला आहे, असा आरोप विरोधकांनी केला. त्यास उत्तर म्हणून ओउयांग यांनी गटांविषयीचा प्रसिद्ध निबंध लिहिला. सज्जन तत्त्वासाठी एकत्र येतात व दुर्जन लाभासाठी. म्हणून खरा गट सज्जनांचाच असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. गट नसल्याचे सांगून सुटका करून घेण्याऐवजी त्यांनी गटाचे समर्थन केले, याचा विरोधकांना फायदाच झाला. इ.स. १०४५ पर्यंत फान पदावरून गेले आणि बहुतेक सुधारणा रद्द झाल्या. ओउयांग यांच्यावर नात्यातील एका तरुणीशी अनैतिक संबंध असल्याचा आरोप ठेवण्यात आला. तो सिद्ध झाला नाही, तरी त्यांना छूचौ (सध्याच्या आंह्वी प्रांतात) येथे पाठवण्यात आले. तेथील डोंगरातल्या मंडपावर त्यांनी लिहिलेला लेख चिनी गद्यातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखांपैकी एक आहे. पुढे यांगचौ, यिंगचौ व इतर ठिकाणी काम करून आणि आईच्या निधनानंतरचा सुतककाळ पाळून ते इ.स. १०५४ मध्ये राजधानीत परतले.

इ.स. १०५७ ची परीक्षा

इ.स. १०५७ मध्ये ओउयांग मुख्य परीक्षक झाले. त्यांच्यासह चार सहपरीक्षक व साहाय्यक म्हणून मेई याओचन असे सहा जण ५० दिवस परीक्षागृहात बंद होते. या काळात त्यांनी एकमेकांस उद्देशून १७० हून अधिक कविता रचल्या.

त्या वेळी राजधानीतील विद्यालयात मुद्दाम दुर्बोध, विचित्र शब्दांनी भरलेली शैली रूढ झाली होती. अलंकारिक शैलीविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून ती निर्माण झाली असली, तरी तिचा अतिरेक झाला होता. या शैलीतील सर्व उत्तरपत्रिका ओउयांग यांनी नापास केल्या. आधीपासून नावाजलेले अनेक विद्यार्थी त्यात गळले. निकालानंतर संतप्त उमेदवारांनी ओउयांग यांना भर रस्त्यात घोड्यावर असताना घेरले व गस्तीच्या शिपायांनाही ते आवरेनात. कोणीतरी ते जिवंत असतानाच त्यांच्या अंत्यविधीचा शोकलेख लिहून त्यांच्या घरात टाकला.

याच परीक्षेत शिक्षा व बक्षीस देताना राज्यकर्त्याने दाखवायच्या उदारपणावरील एक निबंध मेई यांना विशेष आवडला. ओउयांग यांना तो पहिल्या क्रमांकाचा वाटला. पण आपले शिष्य त्सेंग गोंग यांनीच तो लिहिला असावा, असा त्यांना संशय आला. पक्षपाताचा ठपका येऊ नये म्हणून त्यांनी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. नाव उघडल्यावर तो सिच्वानमधील सू शी या तरुणाचा निघाला. नाव झाकून व नक्कल करून हस्ताक्षर लपवता येत होते, शैली मात्र लपवता येत नव्हती. या प्रकरणात तर शैलीवरून केलेला अंदाजही चुकला.

त्या वर्षी ३८८ जण चिन्शी झाले. त्यांत सू शी, त्यांचे धाकटे बंधू सू चे, त्सेंग गोंग, तत्त्वज्ञ चेंग हाओ व चांग त्साय आणि पुढे वांग आन्शी यांच्या सुधारणांत आघाडीवर राहिलेले ल्यू ह्वेइछिंग यांचा समावेश होता. दुर्बोध शैली परीक्षेतून लवकरच नाहीशी झाली. शेन क्वो यांनी नोंदवलेल्या कथेनुसार, या शैलीचा अग्रणी ल्यू ची यास ओउयांग यांनी नापास केले होते. इ.स. १०५९ मध्ये ल्यू ह्वी नावाच्या उमेदवाराच्या सुबोध निबंधास त्यांनी पहिला क्रमांक दिला आणि तो नाव बदललेला ल्यू चीच होता, हे त्यांना नंतर कळले.

शिफारसी व नेमणुका

परीक्षेच्या जाळ्यातून निसटलेल्या गुणवंतांना ओउयांग यांनी शिफारशीने पुढे आणले. सू शी यांचे वडील सू श्युन परीक्षेत कधीच यशस्वी झाले नव्हते. त्यांचे निबंध ओउयांग यांनी सम्राटांकडे पाठवले व त्यांना लहान पद मिळाले. वांग आन्शी यांचीही त्यांनी शिफारस केली. त्याचबरोबर न्यायप्रिय म्हणून लोकप्रिय असलेले बाओ चंग यांच्यावर इ.स. १०५९ मध्ये त्यांनी टीका केली. बाओ यांनी अर्थखात्याच्या प्रमुखांवर आरोप करून त्यांना पदच्युत केले होते आणि मग तेच पद स्वतः स्वीकारले होते. बाओ यांचा हेतू शुद्ध असला, तरी टीका ही बढतीची शिडी आहे असा समज त्यामुळे पसरेल, असे ओउयांग यांचे म्हणणे होते.

प्रांतवार जागांचा वाद

ओउयांग इ.स. १०६१ मध्ये उपमुख्य मंत्री झाले. इ.स. १०६४ च्या सुमारास सिमा ग्वांग यांनी परीक्षेतील प्रादेशिक विषमतेकडे लक्ष वेधले. यशस्वी उमेदवारांत राजधानीत शिकलेल्यांचे प्रमाण फार मोठे होते, तर दूरच्या काही प्रांतांतून एकही उमेदवार उत्तीर्ण होत नसे. प्रत्येक प्रांतातून आलेल्या उमेदवारांपैकी साधारण दहात एक या प्रमाणात निवड करावी, असे त्यांनी सुचवले.

ओउयांग यांनी यास विरोध केला. झाकलेली नावे व नक्कल केलेल्या उत्तरपत्रिका यांमुळे परीक्षकास उमेदवार कोणत्या प्रांताचा आहे हे कळतच नाही आणि हीच पद्धतीची निःपक्षपातीपणाची हमी आहे, असे त्यांचे मत होते. विषमता उलट्या दिशेने आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. आग्नेय भागात दोन-तीन हजार उमेदवारांतून वीस-तीस जण, म्हणजे शंभरात एक, राजधानीस पाठवले जात. वायव्येत जास्तीत जास्त शंभर उमेदवारांतून दहाहून अधिक, म्हणजे दहात एक, निवडले जात. राजधानीत पुन्हा प्रांतवार प्रमाण लावल्यास आधीच कठोर चाळणीतून आलेल्यांवर दुहेरी अन्याय होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ओउयांग दक्षिणेचे व सिमा ग्वांग उत्तरेचे असल्यामुळे या वादास प्रादेशिक किनारही होती. सिमा ग्वांग यांची सूचना त्या वेळी स्वीकारली गेली नाही; मात्र १५व्या शतकात मिंग राजवटीने उत्तर व दक्षिण यांच्यासाठी स्वतंत्र जागा ठरवल्या.

अखेरची वर्षे

सम्राट यिंगत्सोंग यांच्या जन्मदात्या पित्यास कोणती उपाधी द्यावी, या वादात ओउयांग यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे अनेक अधिकारी त्यांच्या विरोधात गेले. इ.स. १०६७ मध्ये सुनेशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. आरोप करणाऱ्यांपैकी एक अधिकारी त्यांच्याच पाठिंब्याने पुढे आलेला होता. चौकशीत आरोप निराधार ठरला व आरोपकर्त्यांना शिक्षा झाली, पण ओउयांग यांनी राजधानी सोडली. छिंगचौ येथे असताना त्यांनी वांग आन्शी यांच्या शेतकऱ्यांना सरकारी कर्ज देण्याच्या योजनेस विरोध केला. इ.स. १०७१ मध्ये ते निवृत्त होऊन यिंगचौ येथे राहिले व पुढील वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. मरणोत्तर त्यांना वेनचोंग ही उपाधी मिळाली.

ग्रंथसंपदा व वारसा

सोंग छी यांच्यासह त्यांनी तांग राजवटीचा नवा इतिहास सिद्ध केला, तो इ.स. १०६० मध्ये पूर्ण झाला. पाच राजवटींचा नवा इतिहास त्यांनी एकट्याने लिहिला. शिलालेख व ताम्रलेखांच्या ठशांच्या त्यांच्या संग्रहामुळे चीनमध्ये पुराभिलेखविद्येचा पाया घातला गेला. काव्यचर्चेवरील त्यांची छोटी पुस्तिका त्या प्रकारातील पहिली मानली जाते.

आठ श्रेष्ठ गद्यकारांपैकी सहा सोंग काळातील आहेत. ओउयांग यांच्याखेरीज उरलेले पाचही, म्हणजे सू पितापुत्र तिघे, त्सेंग गोंग व वांग आन्शी, हे त्यांनी परीक्षेत निवडलेले किंवा शिफारशीने पुढे आणलेले होते. यांपैकी वांग आन्शी यांच्या धोरणास त्यांनी उतारवयात विरोध केला, तर सू शी यांनी त्यांना अखेरपर्यंत गुरुस्थानी मानले.